पिठातला ठसा

ज्याने रानातला सिंह एकदा पाहिला, त्याला मरणाचं भय उरत नाही.

हे वाक्य माझं नाही, दिग्या. मला असली वाक्यं येत नाहीत हे तुला माहीत आहे. ते मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं आहे. तुझ्या शोकसभेसाठी ते पिट्सबर्गहून बर्फातून गाडी चालवत आले होते, तेव्हा एवढ्या प्रवासानंतर लहान वाक्यावर भागेल अशी आशा नव्हतीच. चर्चचं तळघर मिळालं होतं. टेबलावर तुझा फोटो होता, पासपोर्टचाच मोठा करून घेतलेला, ज्यात तू काहीतरी चोरताना पकडल्यासारखा दिसतोस. फोटोशेजारी कुणीतरी मासिकातून कापलेला सिंह उभा केला होता. भरगच्च आयाळ, मागे सूर्यास्त. रविवारी आपल्याला जेवू घालणाऱ्या मालतीकाकू पुढच्या रांगेत होत्या, त्यांची अनु शेजारी. ती हळूच म्हणाली, "आई, दॅट्स अॅन आफ्रिकन लायन." काकूंनी तिला कोपर मारलं. त्या सभेत खरं असं तेवढंच बोललं गेलं.

कारण तू सिंह पाहिला नव्हतास. आणि भयाचं म्हणशील तर, दाढेचं रूट कॅनाल नको म्हणून तू त्या डॉक्टरला काय काय थापा मारल्यास, त्या फोनवर तुझ्या वतीने मीच बोललोय. मी उठून हे सांगणार होतो. पण अध्यक्षांनी "सिंहाच्या डोळ्यांत डोळे घालून" असं म्हटलं आणि तुझ्या लॅबमधला तो उंच मुलगा, ज्याला एक अक्षर कळत नव्हतं, तो रडायला लागला. मी बसून राहिलो.

तू ज्याला सिंह म्हणायचास त्याला आयाळ नाही, त्याला गर्जनाही येत नाही. माउंटन लायन. डोंगरातलं एक मोठं, मातकट रंगाचं मांजर. खूश झालं की घरच्या मांजरासारखंच गुरगुरतं. पश्चिमेकडच्या डोंगरांत ते अजून आहे. इथे, पेनसिल्व्हेनियात, आपल्या आज्या जन्मायच्या आधीच माणसांनी ते मारून संपवलं. असं वनखातं म्हणतं, तुझे प्रोफेसर म्हणायचे, आणि मी म्हणायचो. ते अजून आहे असं म्हणणारे म्हणजे डोंगराखालचे दोन-तीन शेतकरी, तेही बहुतेक बिअर झाल्यावर म्हणणारे, आणि तू. तू तर बिअरही प्यायचा नाहीस.

तुझा प्रबंध हरणांवर होता. हरणं रोपं खातात, रोपं वाढत नाहीत, मोठी झाडं तेवढी उरतात. "जंगल म्हातारं होतंय बे, पंत, आणि घरात पोरगं नाही," असं तू एकदा भांडी घासता घासता म्हणालास. हरणं एवढी का झाली, तर त्यांना खाणारं कोणी उरलं नाही. इथपर्यंत तुझे प्रोफेसरही तुझ्याबरोबर होते. पुढे तू एकटाच गेलास. उरलं नाही असं नाही, म्हणालास, एखादा असेल. प्रोफेसरांनी स्वच्छ सांगितलं, की डिग्री हवी असेल तर हरणांवर राहा. म्हणून आठवडाभर तू हरणांवर राहायचास आणि शनिवारी सिंहावर.

उन्हाळ्यात तू पश्चिमेकडे आयडाहोला गेलास, तिथल्या संशोधकांच्या हाताखाली. परत आलास तेव्हा मी विचारलं, "मग, झालं दर्शन?" तू बॅग न सोडता खुर्चीत बसलास. कुत्र्यांनी हाकून पाइनवर चढवलेली मादी होती. भुलीचा बाण मारला, खाली उतरवली, गळ्यात रेडिओचा पट्टा घातला. तू तिचा पुढचा पंजा हातात धरून बसला होतास, कुणीतरी तिचं वजन करेपर्यंत.

"म्हणजे पाहिलास," मी म्हटलं.

"ते पाहणं नाही बे. तिला मी दिसलो नाही, मला ती दिसली नाही. ऑपरेशन टेबलवरचा माणूस भेटला असं म्हणतं का कोणी?"

पुढे सबंध उन्हाळा तू कानाला यंत्र लावून तिच्या पट्ट्याची टिकटिक ऐकलीस. कधी या उतारावर, कधी त्या. एकदा टिकटिक इतकी मोठी झाली की ती समोरच्या झुडपात असणार. तू संध्याकाळपर्यंत झुडपाकडे बघत बसलास. झुडूप हललं नाही. हे तू इतक्या आनंदाने सांगितलंस की मला तुझी काळजी वाटली.

आणि तो ऑक्टोबरातला शनिवार. मला वाटतं मी त्या डोंगरावर आलो ते फक्त तू चिवडा बरोबर घेतला होतास म्हणून. वाटेवर तू एक जागा केली होतीस, दोन हात लांब-रुंद, माती चाळून सपाट केलेली. मधोमध एका चकतीवर मांजरांना ओढून घेणाऱ्या कुठल्याशा पाल्याचं तेल. त्यासाठी वापरलेली चाळणी माझी होती. सांगलीहून निघताना आईने बळेच बॅगेत कोंबली होती, पोळ्या करशील म्हणून. पोळ्या मी केल्या नाहीत. तू माती चाळलीस. चाळणीचं नशीब.

आपण वरच्या कातळावर बसलो. थंडी होती, थर्मासमधला चहा संपत आला होता.

"चिवडा खाऊ नको, आवाज होतो."

"नसलेल्या जनावराला काय ऐकू येणार?"

"हरणं पळतील ना यार."

"पळू दे की. तूच म्हणतोस जास्त झालीत."

तू हसलास, मग स्वतःच मूठभर घेऊन, एकेक दाणा तोंडात विरघळवत खाल्लास. दुपारपर्यंत आपण हरणं पाहिली, एक रानटर्की पाहिली, आणि टोपी शोधत परत आलेला एक शिकारी पाहिला. उतरताना तू चाळलेल्या मातीपाशी थांबलास आणि गुडघ्यांवर बसलास. इतका वेळ उठला नाहीस की मीही वाकलो.

ठसा होता. तळहाताएवढा. चार बोटं आणि मागे गादी.

"कुत्रा," मी म्हटलं.

"लांबीपेक्षा रुंदी जास्त आहे. गादीची मागची कड बघ, तीन भाग आहेत. कुत्र्याचे नसतात."

"बोटांपुढे टोचल्यासारखं काय आहे? नखं ना? मांजर चालताना नखं आत घेतं, हे तूच शिकवलंयस."

"त्या पाइनच्या सुया आहेत. पडल्यायत वरून. या बघ, इथेच आहेत."

सुया होत्या, हे खरं. खुणाही होत्या. तू बॅगेतून प्लास्टर ऑफ पॅरिस काढलंस, मार्गारिनच्या रिकाम्या डब्यात कालवलंस आणि त्या ठशात ओतलंस. ते वाळेपर्यंत आपण तिथेच भांडत बसलो. सोमवारी वनखात्याच्या माणसाने तो प्लास्टरचा पंजा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, डॉग. बिग डॉग. तेव्हापासून तो पंजा आपल्या फ्रिजवर आहे.

त्यानंतरचं भांडण आपण संपवलं नाही. "किती टक्के, पंत?" तू रोज विचारायचास, ब्रश करताना, बसमध्ये, लायब्ररीच्या दारात. मी म्हणायचो शून्य. "स्टॅटिस्टिक्सवाला कधी शून्य म्हणतो का बे? एक म्हण. अर्धा म्हण." मी म्हणायचो, पुरावा आण. तू म्हणायचास, पुरावा आणल्यावर तुझ्या टक्क्यांची गरज कोणाला आहे? मी पुन्हा शून्य म्हणायचो.

आपलं काय एकच भांडण होतं? ओट्यामागे राहणाऱ्या उंदरावरूनसुद्धा आपण भांडलो. तू म्हणालास, उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं असतात, मागच्याला पाच. मी म्हटलं, चारी पायांना पाच. उंदीर काय अर्धवट असतो? पैज लावायची ठरली. उंदीर सापडला नाही.

थँक्सगिव्हिंगनंतरचा तो आठवडा हरणांच्या शिकारीचा. इथे पहिल्या दिवशी शाळांना सुट्टी असते. तू याची इतकी टिंगल केलीस की अनुने तुला विचारलं, मग तुमच्याकडे कशाला सुट्टी देतात? बैलांना सजवायला, म्हणालास. बर्फ यायच्या आत माती एकदा चाळून ठेवतो म्हणून तू दुपारी निघालास. "येतो का?" "कुत्र्यांचे ठसे पाहायला?" "टक्के?" "शून्य." दार लावलंस. जिन्यात शीळ घातलीस. बस. यात काही अर्थ भरायचा मी फार प्रयत्न केला. भरता येत नाही.

परत येताना वळणावर हरीण आडवं आलं. तू त्याला वाचवायला गाडी वळवलीस आणि रस्ता ओला होता. पोलीस घरी आला तेव्हा मी काय विचारावं ते न सुचून विचारलं, हरणाचं काय झालं. तो म्हणाला, ते पळून गेलं.

दिग्या, मला हे कुणाला सांगता येत नाही. ज्या राज्यात सिंह असते तर हरणं कमी असती, असं तू लिहीत होतास, त्या राज्यात तू हरणाने मेलास. तुझ्या प्रबंधाला यापेक्षा चांगला शेवट नाही, आणि मी तो छापला जाऊ देणार नाही. तुझ्या खोलीत मी गेलेलो नाही. तुझे दुसरे बूट दाराशी आहेत, त्यांना ओलांडून मी जातो-येतो. शिकवायला जातो, फळ्यावर सरासरी काढतो, आणि मध्येच खडू हातात धरून उभा राहतो. मुलं थांबतात. फार सभ्य आहेत इथली मुलं.

तुझ्या आईचा फोन आला तो शेजाऱ्यांकडून, अमरावतीहून. आवाज येत-जात होता. मी तयारी केली होती: त्रास झाला नाही, लगेच गेला, असं सगळं. तिने त्यातलं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "त्याले तो सिंह दिसला का, बाळा? प्रत्येक पत्रात लिहायचा, आई, यंदा दिसते म्हणून."

मी म्हटलं, "आई, लाइन नीट नाही." लाइन तेवढ्यापुरती अगदी नीट होती.

"बरं," ती म्हणाली. "तेराव्याला करीन मी फोन. तवा सांग."

म्हणजे मला तेराव्यापर्यंत मुदत मिळाली. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या लॅबच्या उंच मुलाकडून त्याची गाडी आणि शिकाऱ्याने चुकून गोळी घालू नये म्हणून नारिंगी जाकीट घेतलं आणि डोंगरावर गेलो. तू चाळलेली माती बघायला. तू शेवटचं जे केलंस ते तिथे होतं आणि ते कुणीच वाचलं नव्हतं.

वरती बर्फ भुरभुरला होता, पण ती जागा एका मोठ्या झाडाखाली होती, त्यामुळे माती उघडीच राहिली होती. मी गुडघ्यांवर बसलो. मला सिंह हवा होता. मी आयुष्यात देवाकडे काही मागितलं नाही आणि त्या मातीकडे मागत होतो. एक बोट चाललं असतं. गादीची एक कड चालली असती. एवढ्याशा पुराव्यावर मी जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला नापास केलं असतं, आणि त्यावर मी तुझ्या आईला हो म्हणून सांगणार होतो.

सगळी माती खुरांनी भरली होती. हरणं. येणारी, जाणारी, एकमेकांवर पाय देणारी. कडेला एक बुटाचा ठसा होता. तो तुझा होता, टाचेच्या झिजेवरून ओळखू आला. हरणांनी त्यावर पाय ठेवला नव्हता. मी किती वेळ तिथे होतो ते माहीत नाही. एक शिकारी वरून आला आणि त्याने विचारलं, "यू लूज समथिंग?" मी येस म्हटलं. तो बिचारा थोडा वेळ माझ्याबरोबर पानं उलटत फिरला.

आता पिठाचं ऐक. तू असतास तर लोळून हसला असतास.

मालतीकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की जिथे माणूस राहत होता तिथे दिवा लावायचा, त्याच्याभोवती तांदळाचं पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची. नंतर उघडून बघायचं, पिठात कशाचं पाऊल उमटलंय. माणूस पुढे ज्या जन्माला गेला, त्याचं. काही घरांत दुसऱ्याच दिवशी बघतात, काकूंच्या माहेरी तेराव्याच्या सकाळी. मी म्हटलं, "काकू, माझा विश्वास नाही." काकू म्हणाल्या, "तुला कोण विचारतंय? पीठ चाळून घे."

बाराव्याच्या रात्री मी चाळून घेतलं. पोलिसांनी तुझ्या सामानाबरोबर परत दिलेल्या त्याच चाळणीने. पहिल्या चार फटक्यांत डोंगराची माती पडली, मग पांढरं पीठ. स्मोक अलार्मची बॅटरी काढली, ओट्याच्या कोपऱ्यात दिवा ठेवला, वर कपड्यांची प्लास्टिकची टोपली, अर्थात भोकाभोकांची. मग जरा मागे सरून पाहिलं, दिग्या. चाळलेलं पीठ, सपाट, मधोमध ज्योत. तू दर शनिवारी डोंगरावर जे करायचास तेच होतं ते. इतकी वर्षं तुझ्या शास्त्राला मी हसत होतो आणि काकूंच्या रीतीलाही, आणि दोघांची मांडणी एकच निघाली.

तेराव्याच्या सकाळी मी काकूंच्या आधी टोपली उचलली. पिठावर पावलं होती. बारीक, धावती, कडेने येऊन वातीपर्यंत गेलेली, आणि तिथे तूप खाल्लेलं. ओट्यामागचा आपला उंदीर.

तुझी आई फोन करणार होती आणि मी तिला उंदीर सांगणार होतो.

मी फ्रिजवरचा तो प्लास्टरचा पंजा काढला. फार विचार केला नाही. हाताने पीठ पुन्हा सारखं केलं आणि पंजा त्यात दाबला, हलकेच, जेवढ्या वजनाने जनावर चालतं तेवढ्या. उचलला. सुरेख उमटला होता. लांबीपेक्षा रुंद. मागच्या कडेला तीन भाग, आता मला तेही दिसले. तिथे मी एकटा उभा होतो आणि मोठ्याने म्हटलं, "बरं बाबा, शून्य नाही." ओट्यामागे काहीतरी खुडबुडलं.

काकू डबे घेऊन आल्या. चपला काढल्या, हात धुतले, चष्मा लावला, वाकल्या.

"कुत्रा," काकू म्हणाल्या.

"काकू, लायन आहे."

"लायन काय? आमच्या माहेरी दोन कुत्री होती, मला कळत नाही होय? ही बघ नखं."

"ती नखं नाहीत, काकू. पाइनच्या सुयांच्या खुणा आहेत त्या."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ओट्यावर पाइनच्या सुया कुठून येणार?"

मला तुझी फार, फार आठवण झाली. तू असतास तर काहीतरी सुचवलं असतंस. मी एकटाच सिंहाच्या बाजूने उभा होतो आणि हरत होतो.

मग काकूंचा चेहरा बदलला. त्या हात जोडून पिठासमोर बसल्या. "नाव दिगंबर ना रे त्याचं? दत्ताचं नाव. आणि दत्ताच्या पायाशी कुत्री. बघ, कुठे गेला तो." आणि त्या रडायला लागल्या, अगदी मोकळेपणाने.

फोन वाजला तो त्यांनीच उचलला. कुत्र्याचं सांगितलं, दत्ताचं सांगितलं. पलीकडे तुझी आई रडतेय हे मला ओट्यापाशी ऐकू आलं. या तेरा दिवसांत ती पहिल्यांदाच रडली, असं शेजारी मागाहून म्हणाले. मग काकूंनी फोन माझ्या हातात दिला.

"आता सांग, बाळा," ती म्हणाली. "दिसला होता का त्याले सिंह?"

लाइन नीट होती.

"दिसला नाही, आई," मी म्हटलं. "पण होता."

"मंग झालं," ती म्हणाली. "तो म्हणतच होता, हाय म्हणून."

हो. म्हणत होता.

अपार्टमेंटच्या मॅनेजरने उंदरासाठी पिंजरा दिला आहे. त्यात पीनट बटर लावायचं असतं. काल तो सापडला. बाहेर सोडायच्या आधी मी नीट बघून घेतलं.

पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच.